क्रमांक ११७

आधी आम्ही चौघं जिन्याखाली बसायचो,
फ्यूजबोर्डाला पाठ लावून,
जिथे माझगावची कुठलीच दुपार पोचत नसे.
वस्तू मोजायची, फोटो काढायचा,
रकाने भरायचे, सेव्ह करायचं.
माणसं वरच्या मजल्यावर असायची.
छतातून त्यांच्या चपला ऐकू यायच्या,
एवढीच ओळख.

मार्चात सात टचस्क्रीन आले
थर्माकोलात गुंडाळून.
मेल्विन म्हणाला, आता कोड कमी, काच पुसणं जास्त.
आम्ही हसलो.
मे संपेपर्यंत प्रत्येकाच्या खिशात निळं फडकं होतं
आणि रेहानाला ठशांवरून कळायला लागलं होतं
कोण घामाघूम आलंय, कोण खारी खाऊन,
कुणाच्या कडेवर बाळ होतं.

घाडीगावकर दारावरचे.
सव्वीस वर्षं त्यांचं एकच वाक्य: हात लावू नका.
पहिला आठवडाभर ते मध्येच अडखळायचे,
हात लावू न… लावा, लावा.
मंगळवारच्या मीटिंगला त्यांना खुर्ची दिली,
तर टोपी मांडीवर ठेवून म्हणाले,
तुमची काच साहेबाच्या छातीला आहे.
पोरं टाचा उचलून दमतात.
तीन महिने आम्ही रंग ठरवत होतो, फॉन्ट ठरवत होतो.
बुधवारी पाना आणून
सगळे स्क्रीन नऊ इंच खाली घेतले.

लॉग सगळं सांगतो.
कुठलं बोट कुठे थांबलं, कुठून परत फिरलं.
गोदीवरचा माझा परिच्छेद,
ज्याच्यासाठी मी दोन पावसाळे दप्तरं चाळली,
सरासरी चार सेकंद.
हे मी घरी कुणाला सांगितलं नाही.

एका गुरुवारी गेनबा शिर्के आले.
काचेवर बोट ठेवलं. काही नाही.
सदऱ्याला पुसून पुन्हा ठेवलं.
काही नाही.
"बोट गेलंय माझं," म्हणाले,
बल्ब गेलाय म्हणावं तसं.
"आधारलापण चालत नाय."
घट्टा इतका जाड, की आत माणूस आहे
हे काचेला कळेना.
तेव्हा घाडीगावकरांनी आपलं बोट उसनं दिलं.
एक बोट दाखवायचं, दुसरं दाबायचं,
असं करत दोघे क्रमांक ११७ ला पोचले.
*अनोळखी लोखंडी अवजार. उपयोग अज्ञात.*
नोंद माझी.

"अज्ञात?"
त्यांचं हसू मला जिन्याखाली ऐकू आलं.
मी वर गेले.
"हूक हाय, बाई. पोत्याचा.
आणि डावखुऱ्याचा. मूठ कुठं झिजलीय बघा की."
मग डावी मूठ रिकाम्या हवेवर आवळून
त्यांनी टोचलं, ओढलं, खांद्यावर घेतलं,
आणि आमच्या दोघांच्या मधे कुठेतरी
एक पोतं धप्पकन पडलं.
घाडीगावकर एक पाऊल मागे सरले.

माझ्या तक्त्यात नाव होतं, माप, धातू, देणगीदार.
हे कुठे लिहायचं?
संध्याकाळी नवा रकाना काढला.
मेल्विनला 'अभ्यागत अभिप्राय' हवं होतं,
रेहाना म्हणाली, बँक आहे का ही?
साडेआठपर्यंत वाद.
शेवटी लिहिलं: *कोण म्हणालं.*

आता त्यात त्रेसष्ट नोंदी आहेत.
अकरा एकमेकींना खोट्या पाडतात.
एकीत नुसतंच, *आमच्याकडे होतं असं, विकलं.*
मी एकही खोडत नाही.
माझं टेबलही आता वर आहे, खिडकीशी,
चपला दिसतात, वर चेहरे असतात.

शिर्क्यांसाठी सहाव्या स्क्रीनची संवेदना वाढवून ठेवलीय.
ते अजून आलेले नाहीत.
तो हल्ली माशी बसली तरी उघडतो.
काल रात्री दोन चाळीसला, कुलूपबंद दालनात,
क्रमांक ११७ उघडला गेला. स्पर्श एक.
मेल्विन म्हणतो, खारी हवा.
असेल.
मी वेळ लिहिली
आणि शेवटचा रकाना
रिकामा सोडला.